वाटेतली नावं

"एकशे अठरा किलो," रफीक फोनवर म्हणाला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जास्त झालं."

म्हणून झाल्यावर मी फोन तसाच कानाला धरून उभा राहिलो. रफीक आमच्या कंपनीचा मंदूब, म्हणजे जिथे जिथे शिक्का लागतो तिथे फाइल घेऊन रांगेत उभा राहणारा माणूस. मूळचा रत्नागिरीकडचा, सोळा वर्षं इथे. गेला आठवडाभर तो सुयोगच्या कागदांसाठी पोलीस ठाणं, शवागार, वकिलात करत हिंडत होता, आणि आज दुपारी सुयोगची पेटी एअरपोर्टच्या कार्गोत पोचवून, तिचं वजन करून त्याने मला कळवलं होतं. पेटी आणि आतला माणूस मिळून एकशे अठरा. आणि मी म्हणालो, जास्त झालं. अकरा वर्षं या खोलीतून गावाला जाणाऱ्या प्रत्येकाची बॅग माझ्या काट्याला लटकली आहे. आकडा ऐकला की माझं तोंड आपोआप उघडतं. "तीन वाजता खाली गाडी लावतो, शंकरभाय," रफीक शेवटी म्हणाला. "तयार राहा. पासपोर्ट माझ्याकडे आहे."

काटा माझा स्वतःचा आहे. हातात धरून उचलायचा, खाली हूक असलेला. इथे आखातात, फहाहीलला आल्यावर पहिल्याच वर्षी बाजारात घेतला. इथला रिवाज असा की कोणी सुट्टीवर निघाला की त्याच्या हाती सगळे आपापल्या घरचं पार्सल देतात. कोणाचं अत्तर, कोणाचा मुलीसाठी फोन, कोणाच्या आईची गुडघ्याची पट्टी. नाही म्हणता येत नाही, कारण उद्या आपलंही पार्सल जायचं असतं. मग भांडणं होतात. ती भांडणं मी बंद केली. माणशी अर्धा किलो, वर एक ग्रॅम नाही. मी सुतार आहे, मापात खोट मला सहन होत नाही. लोक मागून मला काटेवाला म्हणतात. सुयोग तोंडावर 'काटेदादा' म्हणायचा. मला ते आवडत नसे, आणि आवडत नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

आता मीच निघालो होतो. मयताबरोबर एक माणूस जातो आणि त्याचं येण्याजाण्याचं तिकीट कंपनी काढते. सुयोगची वाडी आणि माझी वाडी यांच्यामध्ये फक्त एक वहाळ, कणकवलीच्या अलीकडे. शिवाय मी तीन वर्षांहून जास्त काळ घरी गेलो नव्हतो. त्यामुळे नाव माझंच लागलं. रफीकने ते सांगितलं तेव्हा काय झालं ते मला लपवायचं नाही. मला आनंद झाला. विशाखाला, माझ्या बायकोला, फोन केला तेव्हा ती आधी खूप वेळ सुयोगसाठी हळहळली, त्याच्या आईचं कसं होणार म्हणाली, आणि मग मध्येच थांबून म्हणाली, "म्हणजे तुमी येतलात?" तिच्या आवाजात जे होतं ते आम्हां दोघांनाही ऐकू आलं. दोघंही चोरी सापडल्यासारखे झालो.

सकाळपासून पार्सलवाले येत होते. आमच्या खोलीतले, समोरच्या खोलीतले, खालच्या मजल्यावरचे. आधी सुयोगच्या उघड्या गादीकडे बघून चुकचुकायचे, "बघा ना, काय वय होतं," म्हणायचे, मग खिशातून किंवा शर्टाआडून पिशवी काढायचे. मी एकेक पिशवी हुकाला लावत होतो. रितेश आमच्याच खोलीतला, पेणचा, एसीचं काम करतो. त्याने सव्वा किलोचं पुडकं माझ्यापुढे ठेवलं. मी काट्याकडे बोट दाखवलं. तर म्हणतो, "दादा, पण सुयोगच्या नावावरपण काहीतरी वजन मिळत असेल ना?" मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याला वाटलं मी हिशेब करतोय. खुद्द रफीकने काल एक डबा दिला आहे. "हातखंब्याला माझा मेहुणा उभा राहील. ॲम्ब्युलन्स दोन मिनिटं थांबवायची, बस, हातात द्यायचं." मी घेतला. मी सगळ्यांचं घेतलं. मला ह्या माणसांचा राग येत होता, आणि राग येऊनही मी अर्धा किलोच्या वर गेलेलं काढून त्यांच्या हातात परत देत होतो. कोणी मेला म्हणून माझा काटा बदलला नाही.

खरं तर मला या पार्सलांची, विमानाची, ॲम्ब्युलन्सची भीती नव्हती. भीती ठकूबाईने घातली होती. ठकूबाई म्हणजे सुयोगची आई. बाहेर मेलेल्या माणसाला घरी आणायची आमच्याकडे एक रीत आहे. जो आणायला जातो त्याने मयताशी बोलत बोलत यायचं. जिथे तो पडला तिथून सुरुवात करायची, नाव घेऊन हाक मारायची, चल म्हणायचं, आणि मग वाटेत जे लागेल ते त्याला सांगायचं. हा पूल आला, हा घाट, इथे नाका, इथे वळायचं. गप्प राहिलं तर तो वाटेत कुठेतरी राहून जातो आणि घरी नुसतं शरीर पोचतं. लहानपणी मी आमच्या काकांना मुंबईहून असंच आणलेलं पाहिलं आहे. आणणाऱ्याचा घसा बसला होता आणि दारात त्याला आधी पाणी दिलं होतं, मग रडारड सुरू झाली होती. सोमवारी ठकूबाईचा फोन आला. रडून रडून तिचा आवाज कोरडा झालेला. "शंकरा, कंपनीतलो दुसरो कोण नको. तूच हाड त्येका. खंय पडलो थंयसून सुरवात कर. वाटेत काय काय लागता ता सांगत ये. तुझाच ऐकतलो तो." बरं, मीच आणतो, म्हणालो. दुसरं काय म्हणणार. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. कारण मरायच्या आधी अकरा दिवस मी सुयोगशी एक शब्द बोललो नव्हतो. आणि त्याच्याशी शेवटचं जे बोललो होतो, ते सगळ्या खोलीने ऐकलं होतं.

चार वर्षांपूर्वी त्याला इथे मीच आणला. ठकूबाई आमच्या खळ्यात येऊन बसली, "माझ्या झिलाक तुझ्यावांगडा घेवन जा," म्हणाली, आणि मी कंपनीत शब्द टाकला. प्लंबर म्हणून लागला. मला वाटलं होतं मुलगा माझ्या हाताखाली राहील, मी सांगेन तसं चालेल, घरी पैसे पाठवेल, दोन-तीन वर्षांत घराला स्लॅब टाकेल. पहिल्या महिन्यात तो कोपऱ्यावरच्या इराणी रोटीवाल्याच्या मुलांची नावं सांगायला लागला. तिसऱ्या महिन्यात अरबीत हसायला लागला. अरबी येत होतं असं नाही, पण हसत असे तो अरबीत. मासळी बाजारातला बंगाली त्याला सुरमईचं डोकं फुकट द्यायचा. मी अकरा वर्षं त्याच बाजारासमोरून बसमधून गेलो, मला तिथे कोणी ओळखत नाही. पहाटे सव्वापाचला बस येते, ती आम्हांला अहमदीला नेते, तिथल्या तेल कंपनीच्या जुन्या घरांत मी दारं, कपाटं, ड्रॉवर दुरुस्त करतो, संध्याकाळी बस परत आणते. शुक्रवारी मी झोपतो, कपडे धुतो आणि घरी फोन करतो. मिळाला तर ओव्हरटाइम करतो. सुयोग शुक्रवारी खोलीत नसायचा. कुठल्याशा टॅक्सीतून शहरात जाऊन दस्मानच्या समुद्रकाठी आइस्क्रीम खात बसायचा. आणि खैरान. दक्षिणेला, सौदीच्या हद्दीकडे, समुद्रकाठी श्रीमंतांची सुट्टीची घरं आहेत. तिथल्या एका घराचा पाइप याने नीट केला, तर तिथला रखवालदार हुसेन याचा दोस्त झाला आणि दर शुक्रवारी याला त्या घराच्या मागच्या पाण्यात पोहायला सोडायला लागला. पाण्यावर उताणा पडलेला फोटो हा मला आणून दाखवायचा. "दर्यो तोच आसा, दादा. हयसून पोहत सुटलंय तर देवगडाक लागतलंय." दर गुरुवारी न चुकता विचारायचा, "उद्या येतंस काय खैरानाक?" मी म्हणायचो काम आहे. काम नसलं तरी म्हणायचो. मला त्याच्याबरोबर जायचं नव्हतं असं नाही. मला तो तसा पाण्यावर पडलेला पाहवत नव्हता. कशाच्या जोरावर पडतो हा असा, डोळे मिटून? घरी स्लॅब नाही, लग्न नाही, आई एकटी. मला वाटायचं, एक दिवस याला अद्दल घडेल. अगदी हेच शब्द माझ्या मनात यायचे आणि ते आल्यावर मला बरं वाटायचं.

मग टॉवेलचं झालं. माझ्या खाटेखाली एक मोठी बॅग आहे, घरी न्यायच्या वस्तूंची. तिला कोणी हात लावत नाही. गेल्या तीन वर्षांत घरी न्यायचं म्हणून जे जे घेतलं ते तिच्यात आहे. दोन मोठे निळे टॉवेल, प्लास्टिकमधले. विशाखासाठी अत्तर. चादरी. प्राचीसाठी, माझ्या मुलीसाठी, रंगांची पेटी. मी स्वतः मधोमध विरलेल्या टॉवेलने अंग पुसतो, तो दिव्यासमोर धरला तर पलीकडचं दिसतं. एका रविवारी संध्याकाळी मी बॅग उघडली, नुसती बघायला, अधूनमधून मी ती बघायला उघडतो, तर तळाला वाळू. बारीक, पांढरी वाळू. एका टॉवेलचं प्लास्टिक पुन्हा चिकटवलेलं. सुयोगने टॉवेल खैरानला नेला, धुतला, वाळवला, जशी घडी होती तशी घातली आणि परत ठेवला. वाळू काही पूर्ण गेली नाही. मी विचारलं तर लपवलं नाही. "माझो भिजलेलो, दादा. टॉवेल वापरूक असता, ठेवूक नाय." आणि हसला. पाच माणसं बघत होती. मला त्या टॉवेलचं वाईट वाटलं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. याने माझ्या बॅगेला हात लावला, आणि जे मी तीन वर्षं करू शकलो नाही ते एका शुक्रवारी करून परत घडी घालून ठेवलं, याचा मला राग आला. मी म्हणालो, "आजपासून तू माका मेलंस." सुयोग म्हणाला, "बरा," आणि चहा ठेवायला गेला. माझाही ठेवला. मी प्यायलो नाही.

अकरा दिवस अबोला धरला. अबोला धरणं मला जमतं, आमच्या घरात पिढीजात आहे. तो मात्र बोलत राहिला. सकाळी उठल्यावर आज बाहेर धूळ आहे म्हणायचा. मेसमध्ये आमटीत मीठ जास्त झालंय म्हणायचा. कधी माझ्याकडे बघून, कधी नुसतं हवेत. बोलून झालं की थोडं थांबायचा, मी काही म्हणेन म्हणून, आणि मग आपल्या कामाला लागायचा. तो अकरावा दिवस, गुरुवार. पहाटेचे पावणेपाच. मी खाटेवर होतो, तो दाराजवळच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून बूट घालत होता. "दादा," तो म्हणाला, "उद्या येतंस काय?" मी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. भिंतीला एके ठिकाणी रंगाचा पोपडा आहे, साधारण हाताच्या पंजाएवढा. मी त्याच्याकडे बघत होतो. मला मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, उठला. थोड्या वेळाने रितेश म्हणाला, "ए सुयोग, काय मस्करी लावलीस?" मी तरीही वळलो नाही. रितेशने दुसऱ्यांदा हाक मारली ती वेगळ्या आवाजात, तेव्हा वळलो. एका बुटाची नाडी बांधलेली होती, दुसऱ्याची सुटी. हृदय बंद पडलं, असं हॉस्पिटलात म्हणाले. एकतीस वर्षांच्या माणसाचं.

त्यानंतर या खोलीला जगण्याचा जो झटका आला, तो मी विसरणार नाही. त्याच संध्याकाळी रितेशने फोनवर स्टेटस ठेवलं: सूर्यास्त, समुद्र, आणि वर अक्षरं, जिंदगी एकदाच मिळते, भरभरून जगा. सुयोगचा पाण्यावरचाच फोटो त्याने त्यासाठी वापरला होता, तोंड कापून. "दादा, लाइफचा काय भरवसा नाही," तो मला म्हणाला. मी म्हणालो, "मग आज तू काय करणार?" तो म्हणाला, "म्हणजे?" शुक्रवारी सगळ्यांनी मिळून मोठं पापलेट आणलं, इथे त्याला झुबैदी म्हणतात, महाग असतं, आणि बोटं चाटत खाल्लं, जणू सुयोगने त्यांना तशी आज्ञाच करून ठेवली होती. एकाने नवा फोन घेतला. एक म्हणाला, बस, आता राजीनामा, घरी जाऊन मुलांबरोबर राहायचं. सगळ्यांनी आपापल्या बायकांना फोन करून रडवलं. सोमवारपर्यंत ओव्हरटाइमची यादी लागली, आणि राजीनामावाल्याने पहिलं नाव घातलं. मी हे सगळं खाटेवर बसून बघत होतो आणि मला एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. एका माणसाने मरायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या जिवावर चार दिवस मासे खायचे. पण मला एवढा राग येण्याचं कारण काय? मासे मीही खाल्ले होते. ओव्हरटाइमच्या त्या यादीत माझंही नाव होतं, दुसरं.

दोन वाजता खोली थोडी रिकामी झाली. मी आधी सुयोगची बॅग भरली. फार काही नव्हतं. कपडे, एक पोहायची चड्डी, चार्जर, देवाचा फोटो, शिंपल्यांचा एक डबा. इतकी वर्षं इथे राहून माणसाची बॅग अकरा किलो. मग माझी बॅग ओढली. तिच्यात आता पार्सलंही कोंबायची होती. उघडून बघितली. प्राचीची रंगांची पेटी हलवली तर आत खुळखुळ वाजलं. ट्यूबा होत्या, दाबल्या तर दगड. तीन उन्हाळे या खाटेखाली काढल्यावर आणखी काय होणार. पेटीवर लिहिलं होतं, सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी. ती आता तेराची आहे, परवा फोनवर मला इंग्रजीत आपला अभ्यासक्रम समजावून सांगत होती. अत्तराची बाटली सील फोडल्याशिवाय अर्धी झाली होती, कुठे गेलं अत्तर कोण जाणे. अहमदीच्या घरांत मी असे ड्रॉवर पुष्कळ उघडले आहेत, फुगून अडकलेले, पंधरा पंधरा वर्षं कोणी न उघडलेले. आत कापसात गुंडाळलेले काटे-चमचे, लग्नातल्या बशा. मालकिणीला आठवतही नसतं. मी मनात हसायचो. रंधा मारून ड्रॉवर सरकता करून द्यायचो आणि मनात हसायचो.

दोन्ही बॅगा काट्याला लावल्या. माझी साडेतेहतीस. एका बॅगेला तीसच चालतात, म्हणजे साडेतीन किलो काढायला हवं होतं. रितेश आणि अजून दोघं-तिघं दारात उभे होते, आपलं पार्सल निघतं की काय म्हणून काट्याकडे बघत. मी रंगांची पेटी काढली. अत्तर काढलं. एक चादर काढली, मग दुसरी. एक टॉवेल काढला. ते सगळं सुयोगच्या उघड्या गादीवर टाकलं. "घ्या," मी म्हणालो. "दादा, पण हे घरचं…" रितेश म्हणाला. "वापर," मी म्हणालो. हे मी प्रेमाने म्हणालो नाही, अंगावर फेकल्यासारखं म्हणालो. त्याने मान खाली घातली. आता काटा तीसच्या खाली आला. दुसरा टॉवेल, वाळूचा, बॅगेतच होता. दाराशी सुयोगचे कामावरचे बूट अजून तसेच पडलेले होते. आठ दिवस सगळे ते ओलांडून जात-येत होते, कोणी हलवले नव्हते. मी ते उचलले. एक बांधलेला, एक सुटा. टॉवेलमध्ये गुंडाळले आणि त्याच्या बॅगेत ठेवले. मघाशी तो टॉवेल झटकला तेव्हा थोडी वाळू खाली पडली होती, ती मी पायाने पुसली नाही.

तीनला दहा कमी. खालून गाडीचा हॉर्न वाजला. आता सुरुवात करायला हवी होती, जिथे पडला तिथून. स्टूल तिथेच होतं. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. सुयोगा, चल, घराक जावया. चार शब्द. गेले तीन दिवस मी ते मनात घोकत होतो, अहमदीच्या बसमध्ये, बाथरूममध्ये, जेवताना. आता तोंड उघडलं आणि काही येईना. ज्याला सगळ्यांदेखत तू मेलास म्हटलं, त्याला आता चल कोणत्या तोंडाने म्हणायचं? तो का ऐकेल? मला वाटलं, हा इथेच राहणार. माझ्यामुळे याच खोलीत, या स्टुलावर एक बूट बांधून राहणार. ठकूबाईकडे मी एकशे अठरा किलो लाकूड आणि मांस पोचवीन, आणि ती मला आधी पाणी देईल, तुझा घसा दुखला असेल म्हणेल. दारातले लोक बघत होते. त्यांना रीत माहीत नव्हती, पण काहीतरी आहे एवढं कळत होतं. माझ्या पाठीवरून घाम उतरत होता. मला त्या सगळ्यांचा संताप आला, ठकूबाईचा आला, आणि सगळ्यांत जास्त सुयोगचा. माणसाने असं प्रश्न विचारून मरू नये. उत्तर तर ऐकायचं.

"येतंय," मी म्हणालो.

खूप मोठ्याने म्हणालो असेन, कारण रितेश दचकून मागे सरला. मी बॅगा उचलल्या. मग जिन्यावरून उतरताना बाकीचं आपोआप आलं. "सुयोगा, चल. घराक जावया. हो जिनो. हयसर लाइट नाय, सांभाळून." तिसऱ्या मजल्यावर मी त्याला शिव्या दिल्या, अगदी आमच्या गावच्या, आणि त्याने जरा श्वास मोकळा झाला.

रफीकने बॅगा मागे टाकल्या. मी पुढे बसलो आणि काच खाली केली. बाहेर पंचेचाळीस डिग्री. रफीकने माझ्याकडे पाहिलं. "एसी चालू आहे, शंकरभाय." मी म्हणालो, "त्याका सांगूचा आसा." रफीकने एसी बंद करून आपलीही काच खाली केली. त्याला मी आणखी काही समजावलं नाही. गाडी गल्लीतून बाहेर पडली आणि माझ्या रोजच्या बसच्या उलट दिशेला वळली.

"सुयोगा, हो रस्तो," मी सुरुवात केली, "हयसर…" आणि अडकलो. इथे काय आहे? एक मोठी पांढरी इमारत, तिच्या खाली दुकानं, एक मशीद, एक चौक. मुंबईहून पुढची वाट मला झोपेत विचारा. महाडला सावित्री, मग कशेडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, पुढे हातखंबा. प्रत्येक पुलाचं, प्रत्येक वळणाचं नाव येतं. आणि इथे अकरा वर्षं राहून घरापासून दोनशे मीटरवरच्या चौकाला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. त्याला वाट दाखवायची मी, आणि वाट मलाच ठाऊक नाही. मी इथे कधी बाहेरच आलो नव्हतो.

"रफीक," मी म्हणालो, "हे काय आहे?"

"हा? ह्याच्या मागं तो इराणी. रोटीवाला," रफीक म्हणाला. "सुयोग शुक्रवारी सकाळी इथं थांबायचा. दोन रोट्या घ्यायचा, एक चालता चालता संपायची."

"हयसर तुझो रोटीवालो," मी खिडकीतून मोठ्याने सांगितलं. शेजारच्या गाडीतल्या बाईने वळून पाहिलं. पाहू दे. पुढे मंगफ लागलं, तिथे म्हणे त्याचा एक गोवेकर दोस्त राहायचा, क्रिकेट खेळायचे. अबू हलीफाला किनाऱ्याकडे जाणारा रस्ता, तिथे तो गळ टाकून बसायचा, मासा कधी मिळाला नाही. रफीक सांगत होता, मी पुढे सांगत होतो. त्याचंच आयुष्य त्याला पत्त्यासारखं सांगत होतो, आणि प्रत्येक ठिकाणी मला वाटत होतं, इथे तर मी येऊ शकलो असतो. बसने वीस मिनिटं. माझा घसा आताच खरखरायला लागला होता आणि अजून एअरपोर्टही आलं नव्हतं.

"आणि खैरान?" मी विचारलं.

"ते मागं राहिलं, शंकरभाय. उलट्या बाजूला. आता नाही जमायचं."

मी मान वळवून मागे पाहिलं. रस्ता, गाड्या, उन्हाने पांढरं झालेलं आकाश. समुद्र दिसत नव्हता.

"खैरान मागे ऱ्हवला रे," मी म्हणालो. "माझा काय बघूक झाला नाय. कसा आसा ता तुकाच म्हायत."

म्हणालो आणि थांबलो. तो काहीतरी म्हणेल म्हणून. खिडकीतून गरम वारा येत होता, रफीक पुढे बघून गाडी चालवत होता, आणि मी थांबलो होतो. धूळ आहे म्हणून झाल्यावर, मीठ जास्त झालंय म्हणून झाल्यावर, तो असाच थांबायचा. अकरा दिवस.

मग पुढे एक मोठा चौक आला, मधोमध काहीतरी उंच, निळं बांधलेलं. मी रफीकला विचारलं, हे काय आहे.